कोल्हापूरचा कानडी बोलपट

मुलुखाबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात तीन गोष्टी हमखास सापडतात : गोड्या मसाल्याची बरणी, एखादे बांधणी सुटलेले आवडते पुस्तक आणि जुन्या चित्रपटांच्या आठवणी. मसाला दोन महिन्यांत संपतो. पुस्तक कोणी तरी वाचावयास नेतो आणि पुढे त्याचीही बदली होते. आठवणी तेवढ्या सरत नाहीत. उलट बदलीगणिक त्यांत भरच पडत जाते. बंगळुरास येऊन आम्हांस आता चार वर्षे होत आली. केंद्र सरकारच्या एका कचेरीत जमाखर्चाच्या मेजावर आमचा दिवस जातो आणि रविवारी सायंकाळी आमच्यासारखीच चार-सहा मराठी बिऱ्हाडे एकत्र जमतात. चहा होतो, महागाईभत्त्याची चर्चा होते, आणि मग कोणी तरी सहज 'माणूस' किंवा 'शेजारी' यांचे नाव काढतो. पुढचा तासभर मग 'प्रभात'चाच.

खरे पाहता यात एक गंमत आहे. प्रभात फिल्म कंपनीचा कारभार १९५३ च्या सुमारास आटोपला. तेव्हा आमच्या त्या बैठकीतील कोणी जन्मासही आलेले नव्हते, आणि आम्ही तर अवघे तिशीतले. तुतारी फुंकणारी ती प्रभातची युवती आम्ही प्रथम पाहिली ती दूरदर्शनवर, आजोबांच्या शेजारी बसून. म्हणजे जिच्यासाठी आम्ही उसासे टाकतो ती आठवण मुळात आमची नाहीच. घरातल्या पितळी भांड्यांप्रमाणे ती वाडवडिलांकडून आमच्याकडे आली. वडिलोपार्जित मालमत्तेचे एक असते : तिचा अभिमान फार असतो, पण तिचे कागद कोणी नीट वाचलेले नसतात. आमच्या या मालमत्तेतला एक महत्त्वाचा कागद आम्हांस बंगळुरात एका कानडी गृहस्थांनी दाखविला.

आमच्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले एक वृद्ध सद्गृहस्थ पेन्शनीच्या कामासाठी अधूनमधून येतात. सारे त्यांना आदराने 'रायरु' म्हणतात, आम्हीही म्हणतो. एका वर्षी मार्चच्या आरंभी, वर्षअखेरच्या हिशेबांची धांदल चालू असता ते आमच्या मेजापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "आज तीन मार्च. तुम्ही कोल्हापूरकडचे ना? मग आज कॉफी माझ्याकडून."

आम्ही कारण विचारले.

"आमचा पहिला बोलपट आजच्या तारखेला लागला. आणि तो तयार झाला होता तुमच्या कोल्हापुरात. हे तुम्हांला ठाऊक नाही?"

आम्हांस ठाऊक नव्हते. बाबूराव पेंटरांचे नाव येताजाता घेणाऱ्या, रंकाळ्याच्या काठी बालपण घालविलेल्या आणि वर पदवीधर म्हणविणाऱ्या आम्हांस ते ठाऊक नव्हते. कॉफी उत्तम होती. पण त्या दिवशी ती आमच्या घशाखाली सुखाने उतरली नाही.

पुढे सुट्यांच्या दिवशी आम्ही या गोष्टीचा पाठपुरावा केला. त्या बोलपटाचे नाव 'सती सुलोचना'. ३ मार्च १९३४ रोजी तो बंगळुरात सिटी मार्केटनजीकच्या पॅरामाउंट चित्रगृहात झळकला, आणि म्हणूनच कानडी चित्ररसिक ही तारीख आजही आपल्या बोलपटाचा जन्मदिवस म्हणून पाळतात. निर्माते चमनलाल डुंगाजी, संस्था साउथ इंडिया मूव्हीटोन, दिग्दर्शक वाय. व्ही. राव, आणि लेखन व गीते बेळ्ळावे नरहरी शास्त्री यांची. इंद्रजिताच्या भूमिकेत सुब्बय्या नायडू होते, सुलोचना झाली होती त्रिपुरांबा, आणि रावण होते आर. नागेंद्रराव. नायडू व नागेंद्रराव हे दोघेही रंगभूमीवर मुरलेले नट. चित्रण झाले कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत. दोन महिने काम चालले आणि चाळीस हजार रुपये खर्च आला, असे सांगतात. रावांचा मुलूख तेलुगू, निर्मात्यांचे नाव उत्तरेकडचे, नट म्हैसूर संस्थानातले आणि जागा करवीरची! एका कानडी बोलपटासाठी निम्मा हिंदुस्थान राबला, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

चित्ररसिकांस नटनट्यांच्या घराण्यांची माहिती आवडते, म्हणून येथेच सांगून टाकतो. दिग्दर्शक रावांची कन्या म्हणजे 'ज्यूली' या १९७५ च्या हिंदी चित्रपटाने घरोघरी पोहोचलेली अभिनेत्री लक्ष्मी. सुब्बय्या नायडूंचे चिरंजीव लोकेश पुढे कानडी पडद्यावरचे मातबर नट झाले. रावणाचे घर तर साऱ्यांहून भाग्यवान : नागेंद्ररावांच्या पुत्रांपैकी आर. एन. जयगोपाळ गीतकार झाले, आर. एन. के. प्रसाद छायालेखक झाले, आणि आर. एन. सुदर्शन नट झाले. रामायणातल्या रावणाला मुलांचे सुख असे लाभले नव्हते.

आता प्रश्न असा की, ही सारी मंडळी बिऱ्हाड उचलून कोल्हापुरासच का गेली? मूकपटांच्या काळात बंगळुरात चित्रनिर्मिती होत नव्हती असे नाही. हरिभाई देसाई यांची सूर्या फिल्म कंपनी येथेच होती. परंतु मार्च १९३१ मध्ये मुंबईस 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. मूकपटाला सूर्यप्रकाश आणि एक कॅमेरा पुरत असे. बोलपटाला ध्वनिमुद्रणाची यंत्रे हवीत, ती चालविणारी माणसे हवीत, आणि बाहेरचा कावळा आत ऐकू येणार नाही अशी बंदिस्त जागा हवी. ते त्या वेळी बंगळुरात नव्हते. कोल्हापुरात होते, आणि त्यामागे दीड तपाची पुण्याई होती. बाबूराव पेंटरांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तेथे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० साली त्यांची 'सैरंध्री' आली आणि लोकमान्यांनी त्यांस 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. त्याच कंपनीत हात घडलेल्या दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम या मंडळींनी कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये 'प्रभात' काढली आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलता केला. पुढल्या वर्षी 'प्रभात' पुण्यास गेली. परंतु पडदे रंगविणारे चितारी, राजवाडे उभारणारे सुतार आणि दिव्यांची उठाठेव जाणणारे कामगार ही सारी विद्या गावात राहिलीच. सुलोचनेची लंका बहुधा अशाच हातांनी उभी राहिली असेल.

'सती सुलोचने'चे उदाहरण एकटेही नव्हते. त्याच १९३४ साली 'भक्त ध्रुव' हा दुसरा कानडी बोलपट आला. त्याचे काम 'सुलोचने'च्या आधीच झाले होते असे म्हणतात. प्रदर्शनात मात्र तो मागे पडला. त्याचे दिग्दर्शक होते पार्श्वनाथ आळतेकर, मराठी रंगभूमीवर 'नाट्यमन्वंतर'च्या चळवळीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते तेच. म्हणजे कानडीचा एक बोलपट मराठी गावात झाला आणि दुसरा मराठी माणसाच्या हातून.

एवढे हाती आल्यावर आमची छाती फुगली. रायरु पुन्हा भेटले तेव्हा आम्ही ही सारी यादी त्यांस वाचून दाखविली. आमच्या स्वरात उपकारकर्त्याची झाक आली असावी, कारण ते मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण तुम्ही हिशेबी खात्यातले ना? मग जमेची बाजूही वाचा. हे कर्ज नव्हते, परतफेड होती."

आम्ही ती बाजू वाचली, आणि ती वाचणे प्रत्येक मराठी नाट्यवेड्यास हितकारक आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीता-स्वयंवर' केले आणि मराठी नाटकाचा पाया घातला, हे आपण शाळेत शिकतो. परंतु भाव्यांना ते करावेसे का वाटले? कानडा मुलखातून भागवत खेळणारी एक मंडळी सांगलीस आली होती. तिचे खेळ चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या दरबारी झाले. ते पाहून, असे काही आपल्या भाषेत व्हावे, अशी इच्छा राजांना झाली आणि त्यांनी भाव्यांना ते काम सांगितले. मराठी नाटकाची पहिली ठिणगी अशी कानडी चुलीतून आलेली आहे. पुढे १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' करून संगीत नाटकाचे युग सुरू करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे मूळचे गुर्लहोसूरचे. ते गाव आज बेळगाव जिल्ह्यात, कर्नाटकात आहे.

जमाखर्चात नुसती जमा नसते, तक्रारीही असतात. मराठी नाटक मंडळ्या हुबळी-धारवाडकडे जात, आणि तिकडचा कानडी प्रेक्षक आपली भाषा सोडून मराठी पदांवर माना डोलावी. याचे शल्य गदगचे सक्करी बाळाचार्य, म्हणजेच शांतकवी, यांना फार लागले. त्यांनी १८७० च्या दशकात कानडीत नाटके लिहून व ती करवून त्या भागात कानडी रंगभूमीची उभारणी केली. परभाषेच्या भपक्यापुढे आपली भाषा फिकी पडते आहे, हे दुःख आम्हां मराठी मंडळींना परके नाही. हिंदी चित्रपटांसमोर मराठी चित्रपटाला चित्रगृह मिळेना की आम्ही तेच दुःख बोलून दाखवितो. आपणही एके काळी दुसऱ्यास ते दिलेले आहे, एवढे मात्र आमच्या बोलण्यात येत नाही.

मग या दृष्टीने आम्ही आमच्या लाडक्या नट्यांची यादी तपासली, आणि चकित झालो. लीला चिटणीस यांचा जन्म १९०९ मधला, धारवाडचा. पदवीधर नटी म्हणून त्या काळी त्यांचे केवढे अप्रूप! (पदवीधर कारकुनाचे तसे अप्रूप कोणास कधी वाटले नाही, हे जाता जाता नमूद करतो.) अशोककुमारांबरोबर 'कंगन', 'बंधन', 'झूला' असे एकामागून एक चित्रपट गाजले, आणि १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणारी पहिली हिंदी तारका म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे त्याच 'आवारा'त राज कपूरची आई झाल्या आणि अखंड हिंदी पडद्याच्या सोशिक मातेचे रूप त्यांनी ठरवून टाकले.

'माणूस'मधली मैना म्हणजे शांता हुबळीकर. नावातच हुबळी, जन्म त्या गावाजवळच्या अदरगुंचीचा. १९३९ साली त्या बोलपटात त्यांनी अनेक भाषांतून म्हटलेले गाणे आजही मराठी घरांत गुणगुणले जाते. परंतु १९४२ साली त्यांनी गुब्बी वीरण्णांच्या 'जीवन नाटक' या कानडी बोलपटातही काम केले, हे आमच्या रविवारच्या मंडळींत एकासही माहीत नव्हते. आणि सुलोचनादीदी? भालजी पेंढारकरांच्या तालमीत घडलेली, मराठी पडद्यावरील सात्त्विकतेची मूर्ती! त्यांचे जन्मगाव खडकलाट, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. २०२३ च्या जूनमध्ये त्या गेल्या तेव्हा महाराष्ट्राने घरचे माणूस गेल्याचा शोक केला, आणि तो योग्यच होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि मुंबई राज्यातील धारवाड, विजापूर, कारवार व बेळगावचा बहुतेक भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा तंटा त्या दिवसापासूनचा. महाराष्ट्राने २००४ साली तो सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या प्रकरणी मतप्रदर्शन करणे आम्हां सरकारी नोकरांस शोभत नाही, आणि आम्ही ते करीतही नाही. त्यात ज्यांची शाळा, ज्यांची पाटी, ज्यांचा सातबारा गुंतला आहे त्यांचे दुःख खरे आहे, एवढे आम्ही जाणतो. आम्ही म्हणतो ते इतकेच, की आमच्या आठवणींतील पडद्यावर ही सीमा आखावयाची म्हटले तर ती नटीच्या चेहऱ्यावरूनच आखावी लागेल.

आता उलट दिशेचा प्रवास पाहावा. ९ जुलै १९२५ रोजी याच बंगळुरात एका कोकणी बोलणाऱ्या घरात एक मुलगा जन्मला. बालपण कलकत्त्यास गेले, नृत्य अलमोड्यास उदयशंकरांकडे शिकला, आणि १९४४ साली नोकरीसाठी आला तो पुण्याच्या 'प्रभात'मध्ये. तेथे त्याची देव आनंदशी दोस्ती जमली ती एका परटाच्या घोटाळ्यामुळे : एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर निघाला! पुढे देव आनंद निर्माता झाला तर या मुलास दिग्दर्शन द्यावयाचे, असा करार त्या दोघांनी केला, आणि १९५१ मध्ये 'बाजी'च्या रूपाने तो पाळलाही गेला. तो मुलगा म्हणजे गुरुदत्त. बंगळुरात जन्मलेली प्रतिभा पुण्यात उमलली, यात कानडीचे किती आणि मराठीचे किती, हे कोणत्या खातेवहीत मांडावे?

दुसरा मुलगा १२ डिसेंबर १९५० चा, तोही बंगळुरचाच. घर मराठी, वडील पोलिसात शिपाई, आणि नाव ठेवले शिवाजीराव गायकवाड. बंगळूर ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसच्या बसमध्ये तो कंडक्टर होता. तिकीट फाडण्याच्या आणि सुटे पैसे देण्याच्या त्याच्या ऐटीच्या कथा जुने बंगळूरकर आजही रंगवून सांगतात. त्यातल्या निम्म्या मागाहून रचलेल्या असतील, पण ऐकावयास गोड लागतात. १९७३ च्या सुमारास तो मद्रासच्या चित्रपट शिक्षणसंस्थेत गेला. १९७५ मध्ये के. बालचंदर यांनी त्यास तमिळ पडद्यावर आणला आणि नवे नाव दिले : रजनीकांत. २०२१ साली त्यास दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा त्याने ज्यांचे आभार मानले त्यांत बसवरचा आपला जुना ड्रायव्हर मित्रही होता. त्र्यंबकच्या मराठी माणसाच्या नावाचा पुरस्कार, मराठी घरात वाढलेल्या बंगळूरकराला, तमिळ चित्रपटातील कर्तृत्वासाठी! मराठी पडद्याने त्यास नायक म्हणून कधी पाहिले नाही. त्याची खंत वाटते खरी. परंतु परमुलखात पोटासाठी गेलेल्या मराठी माणसाने तेथील भाषेत जीव ओतला की काय होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण आम्हां बदलीवाल्यांस कोठे मिळावयाचे?

आणि तुकोबा? विष्णुपंत पागनीसांचा 'संत तुकाराम' १९३६ चा. पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु १९६३ साली कानडीतही 'संत तुकाराम' झाला, सुंदरराव नाडकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि तुकाराम झाले होते साक्षात राजकुमार. ज्या नटसम्राटाच्या नावाने बंगळूर आजही हेलावते, त्याने आमच्या देहूच्या वाण्याची वीणा खांद्यावर घेतली होती. हे आम्ही रविवारच्या बैठकीत सांगितले तेव्हा क्षणभर कोणी बोलले नाही. मग एका वहिनी म्हणाल्या, "अहो, मग आपण कानडी शिकायला हवे होते." चार वर्षांत आम्हांस 'स्वल्प अड्जस्ट माडि' यापलीकडे कानडी आलेले नाही, हे त्या वेळी आमच्याही मनास लागले.

आता शेवटची आणि कष्टाची गोष्ट. 'सती सुलोचना' आज पाहावयास मिळत नाही. तिची एकही प्रत शिल्लक नाही. पॅरामाउंट चित्रगृहही राहिले नाही. कानडी भाषा पडद्यावर प्रथम कशी उमटली, हे आता कोणासही ऐकता येणार नाही. आमचे तरी काय वेगळे? आपल्या मूकपटांतील बहुतेक रिळे नष्ट झाली. काही विरघळली, काही चांदीसाठी वितळविली गेली, आणि पुण्यात सांभाळलेली जुनी नायट्रेट रिळे २००३ साली आगीत गेली. जे उरले त्यातील पुष्कळसे उरले ते राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्यामुळे. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष त्यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळवून जतन केले. नायर केरळचे. मराठी चित्रपटाचे आद्य धन एका मलयाळी माणसाने राखले. आमच्या जमाखर्चात हीही एक नोंद असावी.

आणि आमची स्वतःची नोंद? ती खर्चाच्या बाजूस आहे. आमचे आजोबा १९३४ साली कोल्हापुरात शाळकरी वयाचे होते. स्टुडिओच्या भिंतीवरून डोकावण्याबद्दल त्यांनी मास्तरांचा मार खाल्ला होता, हे ते कौतुकाने सांगत. आम्ही त्यांना शांतारामबापू कसे दिसत, दुर्गाबाई कशा बोलत, एवढेच पुन्हा पुन्हा विचारले. कानडी बोलणारे राक्षस व वानर त्यांनी त्या भिंतीवरून कधी पाहिले होते काय, हे विचारावयाचे आम्हांस सुचलेच नाही. ठाऊकच नव्हते तर सुचणार कसे? त्यांच्या पेटीत बोलपटांच्या गाण्यांच्या चोपड्यांचा एक गठ्ठा होता. गेल्या दिवाळीत रजेवर गेलो तेव्हा मुद्दाम माळ्यावर चढलो. गठ्ठा नव्हता. घर रंगविताना रद्दीत गेला, असे कळले. दोष कोणास देणार? तो गठ्ठा बंगळुरास घेऊन येण्याचे चार वर्षे आम्हीच टाळले होते, सामानाचे वजन वाढते म्हणून.

म्हणून मुलुखाबाहेरच्या आमच्या वाचकांस एक विनंती. आपल्या घरी जुन्या बोलपटाची चोपडी, एखादे हस्तपत्रक, वर्तमानपत्रातली जाहिरात असेल, तर ती माळ्यावरून उतरवावी आणि जपावी. ती कानडी, तेलुगू वा गुजराती असली तर अधिकच जपावी. घरात नव्वदीचे कोणी असेल तर त्यांनी काय पाहिले, कोठे पाहिले, तिकीट किती होते, हे लिहून घ्यावे. कचेरीत आपण एका पैशाची तफावत रात्र जागून शोधतो. या खात्यातली तफावत शोधावयाला तेवढे जागरण पुष्कळ झाले.

येत्या तीन मार्चला रायरुंना कॉफी आम्ही पाजणार आहोत. त्या दिवशी चार वाक्ये कानडीत बोलावयाची, असा निश्चयही केला आहे. व्याकरण चुकेल, रायरु हसतील; हसू द्यावे. 'सती सुलोचना'च्या वेळी कोल्हापूरच्या सुतारांनाही लंकेतले कानडी कोठे कळत होते? पण लंका त्यांनी उभी केली.